जागलीवरची उजळणी

हरभरा घाट्यावर आला की रात्री मचाणावर आम्ही दोघंच.
एक वाकळ, रानडुकरांसाठी पत्र्याचा डबा,
आणि प्रांजलीताईची दोनशे पानी वही.
माझं काम विचारायचं.
चुकली तर डबा वाजवायचा.

विनाशिका मोठी का फ्रिगेट?
"विनाशिका."
कॉर्व्हेट?
"दोघींची लहानी. पण चावरी."
पाणबुडीले जहाज म्हणतेत का बोट?
ताई थांबली. मी डब्यावर काडी उगारली.
"बोट. कितीबी वाढली तरी बोटच.
तुले मिसरूड फुटलं, तरी तू गोलूच नं."

नॉट म्हणजे काय, ते बाबांनाही कळलं पाहिजे म्हणून
एका दुपारी ती अंबाडीचा दोर घेऊन बसली.
सत्तेचाळीस फुटांवर एक गाठ, पुन्हा सत्तेचाळीस, पुन्हा गाठ.
शेंडा बाभळीला बांधला, वेटोळं गाडीत ठेवलं,
बाबांना म्हणाली, हाका.
मी मोबाइलवर अठ्ठावीस सेकंद धरले.
तिच्या हातातून दोन गाठी सुटल्या,
तिसरी यायच्या आत वेळ संपली.
"आपली गाडी दोन नॉटच्या वर आहे, बाबा."
बाबांनी बैलांकडं पाहिलं, मग आमच्याकडं.
"दोर सोडून आणा," म्हणाले, "संध्याकाळी विहिरीवर लागते."
पण पाटलाच्या पानठेल्यावर
त्यांनी ते दोन नॉट कोणाला तरी सांगितले,
असं मागून कळलं.

विमानवाहू जहाजावर जागा केवढी?
"आपल्या धुऱ्यापासून नाल्यापावतर समज.
तेवढ्यात विमान उतरवायचं.
शेपटाखाली आकडा असते, डेकवर आडव्या तारा.
आकडा तारेत गुतला का थांबलं."
अन् नाही गुतला तर?
"तर पुन्हा उडाचं.
म्हणून टेकताना इंजिन पुऱ्या जोरात ठेवतेत."
थांबाचं असताना पुरा जोर?
हा प्रश्न वहीत नव्हता.
ताई बराच वेळ तुरीच्या पाट्यांकडं पाहत राहिली.
मागच्या वर्षी तीन गुणांनी गेली होती ती.
"हो," म्हणाली. "थांबतानाच."

रात्री सव्वा वाजता नागपूरकडं एक विमान जातं.
डाव्या पंखाला लाल दिवा, उजव्याला हिरवा.
जहाजालाही तसंच, पोर्ट लाल, स्टारबोर्ड हिरवा.
अंधारात आकार दिसत नाही,
दिव्यांवरून ओळखायचं
की येणारं आहे की जाणारं.

पहाटे ती दिग्रस रोडवर धावायला जायची.
एकदा मी मचाणाच्या दोन टोकांना दोन टॉर्च बांधले,
गणपतीच्या आराशीतले जिलेटीन कागद गुंडाळून.
तिला शेत लांबून दिसावं, एवढंच.
धापा टाकत आली, वर चढायच्या आधीच हसत सुटली.
"काऊन बे, मचाण घेऊन कुठी चालला?
लाल माह्या डावीकडं दिसते.
म्हंजे तू पाठमोरा आहे, दूर जाऊन राह्यला."
मी कागद बदलले.
मग मचाण तिच्याकडं येऊ लागलं.

आता ती चिल्क्याला असते.
रविवारी दहा मिनिटं फोन.
आई जेवणाचं विचारते, बाबा विचारतात थंडी आहे का.
माझ्या वाट्याला शेवटचं दीड मिनिट.
जहाज पाह्यलं?
"कुठचं जहाज! परेडच परेड. बुटानं टाच सोलली."
पाणी?
"तळं आहे मोठं. चाखून पाह्यलं. खारट लागते."
पुढचं काही विचारणार तेवढ्यात कट.

वही माझ्याकडंच आहे.
यंदा हरभरा बरा आहे, रोही जास्त झालेत.
मीच विचारतो, मीच उत्तर देतो,
आणि आपलं आपण चुकत नाही कोणी,
म्हणून डबा तसाच पडून राहतो.
सव्वा वाजता विमान मचाणावरून गेलं.
मी मान वळवून पाहिलं.
लाल डावीकडं, हिरवा उजवीकडं.

चूक.
मी डबा वाजवला.